शिवण नसलेली नळी

दसरा जवळ आला की साखरपट्ट्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. ‘अमुक कारखान्याचा बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ उत्साहात संपन्न.’ सोबत फोटो असतो. फोटोत फेटे बांधलेली पाहुणे मंडळी, पूजेचं ताट, हार-नारळ, आणि मागे एक काळपट लोखंडी दार. मग थोड्याच दिवसांत गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि गळीत हंगाम सुरू होतो.

ज्यांच्या गावाजवळ साखर कारखाना आहे त्यांना हे सगळं तोंडपाठ असेल. पण दोस्तांनो, त्या काळ्या दाराच्या आत काय असतं बरं? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, “बाई, मोठ्ठा पाण्याचा हंडा!”

उत्तर अगदीच टाकाऊ नाही. दीड-दोनशे वर्षांपूर्वी बॉयलर म्हणजे खरंच एक बंद हंडा असायचा. खाली जाळ, वर पाणी. आज मात्र कारखान्याच्या मोठ्या बॉयलरच्या भट्टीत डोकावलात, तर चारी बाजूंना दिसतील नुसत्या नळ्या. एकीला एक खेटून उभ्या. भिंतही नळ्यांची आणि छतही नळ्यांचं. पाणी नळ्यांच्या आत आणि जाळ नळ्यांच्या बाहेर. उसाचा रस काढून उरलेलं चिपाड, म्हणजे बगॅस, या भट्टीत जळतं. त्याच्या उष्णतेनं नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते. त्या वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज तयार होते, रस आटतो आणि अख्खा कारखाना चालतो.

तर आज आपण या नळीची गोष्ट ऐकू या. वरकरणी अगदी कंटाळवाणी वस्तू. ना रंग, ना रूप. पण तिला जे सोसावं लागतं ते ऐकलंत तर तिला नमस्कार कराल.

आधी आपल्या घरातला कुकर बघा. शिटी वाजते तेव्हा कुकरच्या आत वाफेचा दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला १ किलो इतका असतो आणि पाणी १०० ऐवजी जवळजवळ १२० अंशांना उकळत असतं. एवढ्याशा दाबालाही आपण किती जपतो! रिंग नीट बसली का बघतो, शिटीत भात अडकला नाही ना बघतो. आता वीजही तयार करणाऱ्या साखर कारखान्याचा नव्या पद्धतीचा बॉयलर घ्या. त्यात दाब असतो ८७ किंवा ११० किलो. म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साखरेची पन्नास किलोंची दोन पोती आणि वर दहा किलोंचं आणखी एक बोचकं. एका नखाएवढ्या जागेवर हं! नळीच्या आतल्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर तेवढाच भार, रात्रंदिवस, हंगामभर. त्या दाबाला पाणी उकळतं ते ३०० अंशांच्या वर. पुढे ती वाफ आणखी तापवतात, पाचशे अंशांच्याही पलीकडे.

हंडा का नको?

मग सरळ एक जाडजूड हंडाच का करत नाहीत? इतक्या नळ्यांचा खटाटोप कशाला?

याचं उत्तर गावातल्या पंक्चरवाल्या काकांकडे आहे. त्यांना विचारा, सायकलच्या बारीक टायरमध्ये हवेचा दाब जास्त की ट्रॅक्टरच्या मागच्या भल्यामोठ्या टायरमध्ये? नवीन माणूस ट्रॅक्टर म्हणेल. खरं उत्तर सायकल! बारीक नळी जास्त दाब सहज सोसते. गोल भांडं जितकं रुंद, तितका त्याची भिंत फाडायला बघणारा जोर मोठा. दाब तोच ठेवून रुंदी तीसपट केली तर भिंतही सुमारे तीसपट जाड करावी लागते. पाच सेंटिमीटर रुंदीच्या नळीला चार-पाच मिलिमीटर जाडी पुरते. दीड मीटर रुंदीच्या हंड्याला तिथे हाताच्या ओंजळीएवढी जाड भिंत लागेल. आणि एवढी जाड भिंत खालून पेटवली तर? बाहेरची बाजू लालभडक आणि आतली त्या मानानं थंड. अशी भिंत तडकायला कितीसा वेळ लागणार!

म्हणून मोठा गोल ड्रम आजही असतो, पण तो जाळापासून दूर, वर टांगलेला. जाळाशी झुंज देतात त्या नळ्या. अमेरिकेत जॉर्ज बॅबकॉक आणि स्टीफन विल्कॉक्स या दोघांनी १८६७ साली पाण्याच्या नळ्यांच्या अशा बॉयलरचं पेटंट घेतलं आणि ही पद्धत रुळत गेली.

ती रुळायच्या आधीचा काळ मात्र भयंकर होता. २७ एप्रिल १८६५ ची गोष्ट. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं. कैदेतून सुटलेले सैनिक ‘सुलताना’ नावाच्या आगबोटीनं मिसिसिपी नदीतून घरी निघाले होते. बोट ३७६ माणसांची आणि चढले होते दोन हजारांहून जास्त. वाटेत एक बॉयलर गळायला लागला होता. घाईघाईनं त्याला पत्र्याचं ठिगळ लावलं गेलं. मूळ पत्र्यापेक्षा ठिगळ पातळ होतं. मेम्फिस गाव मागे टाकलं आणि मध्यरात्रीनंतर बोटीचे बॉयलर फुटले. अकराशेहून जास्त माणसं गेली. युद्धातून वाचलेली माणसं, घराच्या वाटेवर!

आपल्याकडेही असं घडलं. १८६३ साली कोलकात्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन बरेच लोक दगावले. त्यानंतर १८६४ मध्ये बंगाल प्रांतात बॉयलर तपासण्याचा कायदा झाला. पुढे सगळ्या देशासाठी १९२३ चा बॉयलर कायदा आला, आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. बॉयलर बसवला की झालं, असं चालत नाही. सरकारी निरीक्षक येऊन तो तपासतात आणि सहसा एका वर्षापुरतंच चालवायचं प्रमाणपत्र देतात. सरकारी भाषेत बॉयलरला ‘बाष्पक’ म्हणतात बरं का. आपल्या राज्यात त्यासाठी बाष्पके संचालनालय असं वेगळं खातंच आहे.

कानस बनवणाऱ्याची मुलं

आता एक छोटासा प्रयोग करा. वहीचा एक कागद घ्या, त्याची पुंगळी करा आणि कडेला खळ लावून चिकटवा. वाळली की एका टोकानं जोरात फुंका, दाबा, पिळा. फाटली तर कुठे फाटेल? नव्वद टक्के वेळा चिकटवलेल्या कडेवरच! आता पपईच्या पानाचा देठ घ्या, ज्याची तुम्ही पुंगी करता तो. त्याला कड कुठे आहे? नाहीच. तो जन्मतःच पोकळ.

लोखंडाच्या नळ्या पूर्वी कागदाच्या पुंगळीसारख्याच व्हायच्या. पट्टी तापवायची, वाकवायची आणि कडा ठोकून जोडायच्या. बंदुकीच्या नळ्या अशाच बनत. इंग्लंडमध्ये विल्यम मर्डॉक यानं गॅसचे दिवे लावायला सुरुवात केली, तेव्हा गॅस वाहून न्यायला त्यानं जुन्या बंदुकांच्या नळ्या एकाला एक जोडून वापरल्या, असं सांगतात. १८२५ साली कॉर्नेलियस व्हाइटहाउस यानं तापलेली पट्टी साच्यातून ओढून तिच्या कडा आपोआप जोडायची युक्ती काढली आणि नळ्या स्वस्त झाल्या. पण शिवण ती शिवणच. गॅसच्या दिव्याला ती चालली. वाफेचा दाब वाढत चालला तशी ती उसवू लागली.

जर्मनीत रेमशाइड नावाचं गाव आहे. तिथं मानेसमान घराण्याचा कानशी बनवण्याचा कारखाना होता. कानस म्हणजे सुतार-लोहार घासायला वापरतात ती. मालकाची दोन मुलं, राइनहार्ड आणि माक्स. कारखान्यात गोल सळया रुळांमधून काढताना एक खोड लक्षात आली होती. कधी कधी सळई बाहेरून झकास दिसे, पण कापून बघावी तर गाभ्यात भेग! हा दोष सगळ्यांना त्रासदायक होता. या दोघा भावांनी विचार केला, भेग पडतेच आहे ना, मग तिला मोठी करू या की! १८८५-८६ च्या सुमारास त्यांनी पोलादाच्या भरीव गोल दांड्यातून एकसंध नळी काढून दाखवली. शिवण नसलेली. इंग्रजीत तिला ‘सीमलेस’ म्हणतात आणि आपल्या कारखान्यांत, दुकानांत तोच शब्द चालतो.

ही युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. दोन जाड रूळ डोळ्यांसमोर आणा. दोन्ही एकाच दिशेनं फिरताहेत, पण एकमेकांना थोडे तिरपे ठेवलेले. त्यांच्या मध्ये सुमारे १२०० अंशांना तापवलेला, पिवळाधमक पोलादी दांडा सोडला. रूळ त्याला गरगर फिरवतात, आणि तिरपे असल्यामुळे फिरवता फिरवता पुढेही ढकलतात.

आता दांड्याच्या गाभ्यात काय चाललंय? रुळांनी त्याला वरून-खालून दाबलं की तो डाव्या-उजव्या बाजूला पसरायला बघतो. म्हणजे गाभा आडवा ताणला जातो. पुढच्याच क्षणी दांडा पाव गिरकी घेतो, आणि जो ताण आडवा होता तो आता गाभ्याच्या उभ्या अंगाला बसतो. मग परत आडवा, परत उभा. तार तोडायची असली की तुम्ही काय करता? इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवता आणि ती तुटते. तसाच गाभा या ओढाताणीनं दमतो आणि उकलायला लागतो. नेमक्या त्याच जागी समोरून एका लांब सळईच्या टोकावर बसवलेलं टोकदार पोलादी नाक वाट पाहत असतं. दांडा फिरत फिरत त्या नाकावर स्वतःच चढत जातो. भोक नाकानं पाडलं असं वाटतं, पण गाभा आधीच उकलायला लागलेला असतो. नाक त्याला फक्त गोल आणि गुळगुळीत करतं. भरीव आत जातो, पोकळ बाहेर येतो, आणि हे सगळं होतं काही सेकंदांत!

ही पहिली नळी जाड आणि आखूड असते. तिला पातळ व लांब करायला भावांनी दुसरं यंत्र काढलं, आणि त्याच्या नावाची गंमत सांगायलाच हवी. या यंत्रात नळी थोडी पुढे सरकते, मग मागे रेटली जाते, परत पुढे, परत मागे. लक्झेंबर्गमध्ये एख्टरनाख गावी यात्रेकरूंची एक मिरवणूक निघते. पूर्वी त्यात लोक तीन पावलं पुढे आणि दोन मागे असे नाचत जात. त्यावरून या यंत्राला ‘पिल्गर’ नाव पडलं. पिल्गर म्हणजे जर्मन भाषेत यात्रेकरू. आपल्या पालखीत वारकरी पावली खेळतात ना, पुढे-मागे, पुढे-मागे? तशीच ही लोखंडाची पावली. आजही नळ्यांच्या कारखान्यात पिल्गर मशीन म्हटलं की लगेच कळतं.

त्यानंतर नेमक्या मापाच्या नळ्या थंड अवस्थेत ओढून काढतात. आधी आम्लात धुवायच्या, मग साबणासारखा बुळबुळीत लेप द्यायचा, एक टोक निमुळतं करायचं आणि साच्याच्या भोकातून पलीकडून खेचायचं. प्रत्येक खेचणीला पोलाद ताठर होतं. म्हणून मध्ये मध्ये भट्टीत घालून त्याला नरम करावं लागतं.

आपल्या राज्यात अशा नळ्या कुठे होतात, हा प्रश्न येणारच. अहिल्यानगर आणि बारामतीला होतात. कोकणात नागोठण्याजवळ सुकेळीलाही होतात. जेजुरी म्हटलं की तुम्हाला खंडोबा आणि भंडारा आठवणार. पण तिथल्या औद्योगिक वसाहतीत या नळ्यांसाठी लागणारं पोलाद वितळवून दांडेही ओतले जातात.

गुळाची ढेप आणि पोलाद

शिवण गेली. दाबाचा प्रश्न बराचसा सुटला. पण उष्णतेचं काय?

उन्हाळ्यात गुळाची ढेप पाहिली आहे? हिवाळ्यात दगडासारखी टणक. मे महिन्यात बघावी तर खालून पसरलेली. कुणी तिला ढकललं नाही की ठोकलं नाही. ती स्वतःच्याच वजनानं हळूहळू बसत गेली. पोलादही असंच वागतं. थंड असताना ते कितीही भार वर्षानुवर्षं सोसेल. पण साडेचारशे अंशांच्या पलीकडे साधं पोलाद सतत दाबाखाली ठेवलं तर ते अगदी गोगलगायीच्या गतीनं ताणलं जातं. आज काही दिसत नाही, उद्याही दिसत नाही. दोन-चार वर्षांनी नळी फुगलेली दिसते आणि एके दिवशी फाटते. या मंद ताणण्याला इंजिनिअर ‘क्रीप’ म्हणतात.

यावर इलाज आहे तो मिश्रणाचा. भेळेत चिमूटभर लसणाची चटणी पडली की सगळी चव बदलते, तसा पोलादात थोडासा मॉलिब्डेनम पडला की हे सरकणं खूपच मंदावतं. क्रोमियम घातलं की तापलेल्या नळीवर खपल्या धरत नाहीत आणि ती आगीच्या गॅसपुढे टिकते. या पोलादांना नंबर आहेत. टी-११ मध्ये सव्वा टक्का क्रोमियम आणि अर्धा टक्का मॉलिब्डेनम. टी-२२ मध्ये सव्वादोन टक्के क्रोमियम, एक टक्का मॉलिब्डेनम. टी-९१ मध्ये नऊ टक्के क्रोमियम, एक टक्का मॉलिब्डेनम, शिवाय व्हॅनेडियम आणि निओबियम यांची चिमूट. हे टी-९१ अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात आकाराला आलं. ते निघालं होतं अणुभट्ट्यांसाठी, पण खरं गाजलं कोळशाच्या वीजकेंद्रांत.

बॉयलरमध्ये सगळीकडे भारी पोलाद घालत नाहीत, ते परवडणारच नाही. जिथे पाणी उकळतंय त्या नळ्या आतून पाण्यानं थंड राहतात, तिथे साधं पोलाद चालतं. वाफ जिथे आणखी तापवतात त्या सुपरहीटरमध्ये आत पाणी नाही, नुसती तापलेली वाफ. तिथे टी-११, टी-२२ आणि अगदी शेवटच्या टोकाला टी-९१. नागपूरजवळ कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. तिथे दाब इतका चढवतात की पाणी उकळतच नाही! २२१ बारच्या वर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सव्वादोनशे पटींच्या पुढे, पाणी आणि वाफ हा भेदच मिटतो. अशा एका बॉयलरमध्ये शेकडो किलोमीटर लांबीच्या नळ्या असतात.

नळीची जाडी ठरवताना इंजिनिअर असा हिशेब करतात की त्या तापमानाला, त्या दाबाला ती एक लाख तास तरी तुटता कामा नये. एक लाख तास म्हणजे किती वर्षं? वही घ्या, वर्षाचे ८७६० तास धरा आणि भागाकार करा. तुमच्या वयाशी ताडून पाहा.

एक नळी फुटली तर

पण हिशेब कागदावर असतो आणि नळी भट्टीत. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला पांढरा थर बसलेला पाहिला असेल. तोच क्षार नळीत आतून बसला तर पाण्याचा आणि धातूचा संबंध तुटतो. धातूची उष्णता पाणी ओढून नेईनासं होतं. नळी तिथे तापत जाते, मऊ पडते, फुगते आणि फाटते. फाटलेला भाग माशाच्या उघड्या तोंडासारखा दिसतो, दोन पातळ ओठ बाहेर वळलेले. म्हणून बॉयलरला साधं पाणी कधीच देत नाहीत, क्षार काढलेलं देतात. ‘सुलताना’च्या बॉयलरमध्ये जात होतं मिसिसिपीचं गढूळ पाणी!

हंगाम भरात असताना कारखान्यात नळी फुटली की काय होतं, हे उसाच्या गावातल्या मुलांना मी सांगायची गरज नाही. गव्हाण थांबते. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर लांबत जाते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, म्हणजे शेतकऱ्याचं वजन घटतं. बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांची कोयती थांबते, आणि कोयता थांबला की त्या दिवसाची मजुरी थांबते. त्यांची मुलं माझ्यासारख्या शिक्षकांच्या वर्गात चार-पाच महिने बसतात. त्यांना बॉयलर ‘बंद पडलाय’ की ‘चालू झालाय’, हे घरच्या चुलीवरून कळतं.

आत शिरून नळी बदलणाऱ्यांचं काम बघा. आधी भट्टी थंड होऊ द्यायची. मग एवढ्याशा दारातून आत सरपटत जायचं. खराब तुकडा कापून नवा जोडायचा. नळ्या एकीला एक इतक्या खेटून असतात की मागच्या बाजूला डोकंच जात नाही. तेव्हा वेल्डर तिथे छोटा आरसा अडकवतो आणि आरशात बघून जोड भरतो. आरशात बघून स्वतःचं नाव लिहून पाहा, म्हणजे कळेल! प्रत्येकाला हे करता येत नाही आणि करूही देत नाहीत. त्यासाठी बॉयलर खात्याची परीक्षा पास व्हावी लागते. काम झालं की बॉयलर थंड पाण्यानं गच्च भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन बघतात. कुठे थेंब आला तर पुन्हा सुरुवात.

जुळी भावंडं

शेवटचा धोका सगळ्यात फसवा आहे. साधी नळी आणि टी-२२ ची नळी शेजारी शेजारी ठेवा. ओळखता येणार नाहीत. रंग तोच, वजन जवळजवळ तेच, वाजवली तर आवाजही तोच. घाईत एकीच्या जागी दुसरी बसली तर ती नीट बसते, जोड नीट होतो, दाबाच्या परीक्षेतही पास होते, कारण ती परीक्षा थंड पाण्याची असते.

हे कसं अंगाशी येतं त्याचं एक उदाहरण देते. त्याआधी एक शब्द. दुधाचा गरम पेला आपण पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवतो. दूध निवतं, पाणी कोमट होतं, पण दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. कारखान्यात हेच काम करणाऱ्या उपकरणाला ‘हीट एक्स्चेंजर’ म्हणतात. एका मोठ्या बंद पिंपात नळ्यांची जुडी असते. एक द्रव नळ्यांच्या आतून, दुसरा बाहेरून. साखर कारखान्यात ऊसरस असाच तापवतात. तेलशुद्धीकरण कारखान्यात तर बाहेर पडणाऱ्या गरम तेलाच्या उष्णतेवर आत येणारं थंड तेल तापवून घेतात.

अमेरिकेत टेक्सास सिटी इथे बीपी कंपनीच्या अशाच तेलशुद्धीकरण कारखान्यात २००५ च्या सुरुवातीला दुरुस्ती निघाली. हीट एक्स्चेंजरांना जोडलेले नळांचे तीन वाकडे तुकडे, ज्यांना आपले प्लंबर एल्बो म्हणतात, ते काढून ठेवले होते. तिन्हींचं माप एकच. दोन क्रोमियम घातलेल्या पोलादाचे आणि एक साध्या पोलादाचा. साधा होता तो कमी तापणाऱ्या जागेसाठी. परत बसवताना त्यातल्या दोघांची अदलाबदल झाली. बोल्ट चपखल बसले. कारखाना सुरू झाला.

त्या नळातून तापलेला, दाबाखालचा हायड्रोजन जात होता. हायड्रोजनचे कण इतके बारीक की ते तापलेल्या पोलादात शिरतात. साध्या पोलादात त्यांना कार्बन भेटतो आणि दोघांचा मिथेन वायू तयार होतो. मिथेनचे कण मोठे, त्यांना बाहेर पडता येत नाही. मग ते आतल्या आत पोलादाला भेगा पाडतात. क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादात कार्बन घट्ट धरून ठेवलेला असतो, म्हणून ते वाचतं. २८ जुलै २००५ ला तो साधा एल्बो फुटला आणि प्रचंड आग लागली. नुकसान तीन कोटी डॉलरचं. एका माणसाला किरकोळ इजा झाली, एवढ्यावरच निभावलं ते नशीब. याच कारखान्यात त्याच वर्षी मार्चमध्ये दुसऱ्या एका स्फोटात १५ जण गेले होते. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळानं चौकशी करून सांगितलं की अशा वेळी प्रत्येक तुकड्याचा धातू तपासूनच तो बसवायला हवा.

तपासायचा कसा? आता हातात धरायचं पिस्तुलासारखं यंत्र मिळतं. ते नळीला टेकवून चाप ओढला की त्यातून क्ष-किरण निघतात. नळीतलं प्रत्येक मूलद्रव्य त्याला आपल्या ठरावीक क्ष-किरणांनी उत्तर देतं आणि काही सेकंदांत पडद्यावर आकडे येतात, क्रोमियम इतकं, मॉलिब्डेनम इतकं. पण यंत्र असो वा नसो, पहिली ओळख म्हणजे नळीच्या अंगावरचा छाप. त्यात पोलादाचा प्रकार असतो, माप असतं आणि ‘हीट नंबर’ असतो. ज्या भट्टीच्या ज्या घाण्यात ते पोलाद वितळलं त्याचा तो नंबर. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा नंबर दाखल्यावर असतो ना, अगदी तसा. अडचण अशी की छाप काही वेळा नळीच्या एकाच टोकाला असतो. नळी कापून दोन तुकडे केले की एकाकडे दाखला राहतो आणि दुसरा बिनदाखल्याचा होतो. म्हणून चांगला फिटर कापण्याआधी छाप दुसऱ्या तुकड्यावर उतरवून घेतो.

मुंबईत गिरगावात, खेतवाडी आणि सी.पी. टँकच्या गल्ल्यांमध्ये पाइपांच्या दुकानांची रांगच आहे. दुकानांच्या पाट्यांवर ‘सीमलेस’ हा शब्द वाचायला मिळेल. तिकडे जाणं झालं तर दुकानातल्या काकांना विचारून एखाद्या नळीवरचा छाप वाचून बघा. ‘एसए २१३ टी २२’ असं दिसलं तर ती कुठे जाणार हे आता तुम्हाला ठाऊक आहे. शेजारी घरगुती पाण्याचा साधा पाइपही असेल. दोन्हींच्या तोंडातून आत डोळा लावून बघा. साध्या पाइपात एका बाजूनं लांबवर गेलेली बारीकशी रेघ दिसेल. दुसऱ्या नळीत शोधा, सापडते का.